नवी माणसं दोन-तीन रविवार येतात आणि मग दिसेनाशी होतात

सोलापुरातल्या एका जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पाळकीय म्हणजे कारभार बघणाऱ्या समितीवर नुकतेच निवडून आलेले एक भाऊ विचारतात: "रेल्वेत बदली होऊन आलेली कुटुंबं, नर्सिंगच्या मुली, एमआयडीसीत कामाला लागलेले तरुण असे लोक आमच्याकडे उपासनेला येतात. दारात आम्ही गुलाबाचं फूल देतो, जाहीर सूचनांच्या वेळी त्यांना उभं करून टाळ्या वाजवतो, नंतर चहाही असतो. तरी दोन-तीन रविवारांनंतर ती माणसं येत नाहीत. कुठं चुकतं? उपदेश नको, काय करायचं ते सांगा."

भाऊ, जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. बहुतेक समित्या अशा वेळी खापर येणाऱ्यांवरच फोडतात. "आजकाल कुणाला देवाची ओढ राहिली नाही" म्हटलं की मीटिंग संपली. तुम्ही निदान आपल्या घरात डोकावून बघताय.

मी परिचारिका होते. बदलीची नोकरी, त्यामुळे दर थोड्या वर्षांनी नव्या गावच्या मंडळीत शेवटच्या बाकावर अनोळखी म्हणून बसायची पाळी येई. सोलापुरात स्थिरावल्यावर मंडळीची वडील म्हणजे निवडलेली ज्येष्ठ सेविका म्हणून आणि महिला संघात काम केलं. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

फुलात काही चुकत नाही, चहातही नाही. अडचण अशी आहे की आपल्या मंडळ्या मायाळू आहेत, पण ती माया नात्यागोत्यातून वाहते. याला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेचं काम १८३१ साली नगरला सुरू झालं आणि १८६० च्या दशकात सोलापूरला आलं. मिशनच्या शाळांत आणि बोर्डिंगात मुलं-मुली शिकली, शिक्षक झाली, नर्स झाली, आणि त्यांची लग्नं नगर, वडाळा, राहुरी, सातारा, वाई, सोलापूर या पट्ट्यातच जुळत गेली. गावानं, भावकीनं दूर लोटलेल्या माणसांना मंडळी हीच भावकी झाली. ती फार मोठी गोष्ट होती. पण आज तिसऱ्या-चौथ्या पिढीत अवस्था अशी आहे की एका बाकावर आत्या, पुढच्या बाकावर साडू, वाद्यांवर भाचा आणि समितीत दोन व्याही. नवा माणूस आत येतो तेव्हा त्याला कुणी हाकलत नाही. सगळे हसून नमस्कार करतात. फक्त त्याला बसायला नात्याची जागा नसते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुढच्या रविवारी एक करा. आशीर्वचन झालं, शेवटचं आमेन म्हटलं की जागेवरून हलू नका, मागच्या भिंतीशी उभे राहा आणि बघा. पहिल्या मिनिटात घोळके होतात. वहिनी नणंदेकडे जाते, "काल फोन का उचलला नाहीस?" पुरुष मंडळी दाराबाहेर मोटारसायकलींपाशी जमतात. समितीचे लोक खजिनदाराला गाठून पंख्याचं बिल काढतात. आणि उदगीरकडून नर्सिंगला आलेली ती मुलगी, जिला पाऊण तासापूर्वी टाळ्या वाजवल्या होत्या, ती चपला घालते, चहाचा कप घेते, मोबाइल काढून काहीतरी वाचत असल्यासारखं करते. कप संपेपर्यंत थांबते. मग कप कुठं ठेवायचा ते कळेना म्हणून खिडकीत ठेवते आणि निघून जाते. तिला दुखावलेलं कुणीच नाही. पण पुढच्या रविवारी होस्टेलवर कपडे धुवायचे असतील तर ती आधी कपडेच धुईल.

म्हणजे दारातल्या स्वागतापेक्षा आशीर्वचनानंतरची दहा मिनिटं जास्त वजनाची असतात. तिथं एक साधा नियम लावा: त्या दहा मिनिटांत समितीच्या कुणीही आपल्या नातेवाइकाशी बोलायचं नाही आणि समितीचं काम काढायचं नाही. पंख्याचं बिल अकराव्या मिनिटाला निघेल. नियम ऐकायला पोरकट वाटतो, लोक हसतातही. पण हे "सगळ्यांनी जरा लक्ष द्या" यावर सोडलं तर कुणीच लक्ष देत नाही, हे तुम्हाला समितीत बसल्यावर एव्हाना कळलं असेल. बाईकडे बाईनं जावं, तरुण मुलाकडे त्याच्या वयाच्या मुलानं जावं. होस्टेलच्या मुलीशी ओळख करायला साठीच्या तीन वडिलांनी रांग लावू नये. ती घाबरते.

हे काम पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) गळ्यात घालू नका. ते दारात उभे राहून शंभर जणांशी हात मिळवत असतात. शिवाय त्यांचीही बदली होते. पाळकांच्या ओळखीवर टिकलेलं कुटुंब पाळकांबरोबरच जातं.

आता बोलायचं काय? आपला पहिला प्रश्न ठरलेला: "आडनाव काय? मूळचे कुठले? कुणापैकी?" मला ठाऊक आहे, विचारणारी मावशी प्रेमानंच विचारते. तिला नातं जोडायचं असतं. "अगं, तू आमच्या राहुरीच्या बाईंची पुतणी!" असं निघालं की तिचा आनंद गगनात मावत नाही. पण ज्याचं नातं निघत नाही त्याच्या वाट्याला "असं होय" येतं आणि गप्पा तिथंच थांबतात. दुसरं, जे आपण चारचौघांत बोलत नाही: महाराष्ट्रात आडनाव आणि गाव विचारलं की जात कळते, आणि समोरच्यालाही ठाऊक असतं की ती कळावी म्हणून विचारलंय. पूर्वी कोण कुठल्या वाड्यात होतं हे आपण ख्रिस्तात विसरलो असं गाण्यात म्हणतो, सोयरीक जुळवताना आठवतो. नव्या माणसाला हा वास पहिल्या भेटीत येतो.

सोलापुरात यात आणखी एक भर आहे. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्याखाली कित्येक जमातींची माणसं तारेच्या कुंपणात ठेवली. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच, आणि तिथं आपल्याच मिशननं काम केलं. कायदा १९५२ साली गेला. तरी आज एखाद्या तरुणानं "सेटलमेंटमध्ये राहतो" म्हटलं की शेजारची बाई पर्स मांडीवर ओढते. मुद्दाम करत नाही, हात आपसूक जातो. पण तो तरुण त्या हाताकडे जन्मापासून बघत आलाय, त्याला तो लगेच दिसतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या कपड्यातला असे दोघं सभेत येतात, एकाला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला "तू तिथं उभा राहा" असं सांगतात. याकोबानं हे परक्यांबद्दल लिहिलेलं नाही. मंडळीला लिहिलंय.

म्हणून पहिले प्रश्न बदला. "सोलापूर मानवलं का? खोली कुठं मिळाली? डब्याची सोय झाली का? ड्युटी कुठली असते?" याची उत्तरं कुणालाही देता येतात, आणि प्रत्येक उत्तरातून पुढं काहीतरी करता येतं. आडनाव कळेल हळूहळू.

उभं करून टाळ्या वाजवण्याबद्दल माझं मत वाईट आहे, पण सरसकट बंद करा असंही म्हणत नाही. नगरकडून आलेले निवृत्त मास्तर असतात, त्यांना उभं राहून दोन शब्द बोलायला मिळाले नाहीत तर रुसतील. एकोणीस वर्षांच्या मुलीला मात्र शंभर डोळे नको असतात. उपासनेआधी दारातच विचारा, "नाव सांगितलं तर चालेल का?" नाही म्हणाली तर सांगू नका. फोटोचं तर नक्कीच विचारा. आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतो. कुणी घरच्यांना न सांगता आलेलं असतं. कुणाच्या कागदपत्रांवर एक धर्म असतो आणि मनात दुसरा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि पुढं १९५६ पासून शिखांना व १९९० पासून बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो नाही. नोकरी, शिष्यवृत्ती, मुलांची फी त्यावर लटकलेली असते. असा माणूस मागच्या बाकावर येऊन बसला तर त्याच्या हातात पहिल्याच रविवारी फॉर्म देऊ नका आणि त्याचा हिशेबही मागू नका. त्याला बसू द्या.

घाईबद्दल एक जुनं उदाहरण आहे. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या काळात त्या ख्रिस्ती लोकांत येऊन राहिल्या तेव्हा त्यांचं सोवळं-ओवळं त्यांच्याबरोबरच होतं. ते त्यांच्या पावलांनी सुटलं. आज टिळकांची भजनं आपल्या चर्चाचर्चांत म्हटली जातात. त्या वेळी कुणी रजिस्टर घेऊन बाईंच्या मागं लागलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार समितीनं करावा.

उपासनेत नव्या माणसाची काय तारांबळ होते हे आपल्याला कळत नाही, कारण आपण ती आईच्या मांडीवर शिकलो. मतांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, पुस्तकात न बघता सुरू होतो. कुठं उठायचं, कुठं बसायचं हे कुणी सांगत नाही. 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातलं गीत फळ्यावरच्या आकड्यानं निघतं आणि नव्याच्या हातात पुस्तकच नसतं. जुन्या मंडळ्यांत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. पुण्याहून आलेलं जोडपं शेजारी शेजारी बसतं आणि मग सगळ्या बायका वळून बघतात. एखाद्या बाकावर बसलं तर कुणीतरी येऊन उभं राहतं आणि "बसा बसा" असं म्हणत असं बघतं की माणूस उठतोच. हे शेवटचं सगळ्यात वाईट. मंडळीत कुणाचाही बाक नाही, हे वर्षातून एकदा तरी पाळकांनी वेदीवरून सांगावं, आणि मग समितीच्या लोकांनी स्वतः जागा बदलून दाखवावी.

याला उपाय फार सोपा आहे. नवा माणूस दिसला की त्याच्या शेजारी कुणीतरी बसायचं आणि पुस्तक दोघांत धरायचं. आमच्या मंडळीत एक आजी होत्या, आयुष्यभर विड्या वळल्या होत्या. लिहिता-वाचता बेताचंच, पण उपासना संगीतातले आकडे सगळे तोंडपाठ. गीत जाहीर झालं की या बाईंची बोटं पानं उलगडून जागा काढायची, पुस्तक शेजारणीच्या हातात द्यायची, आणि स्वतः पाठ म्हणायच्या. ओळ चालू असेल त्या शब्दाखाली बोट सरकवत राहायच्या, जणू शेजारणीला चालीत हात धरून नेतायत. विड्यांच्या तंबाखूनं बोटाचं टोक पिवळं पडलेलं. तीन-चार गाणी झाली की ती शेजारीण आजींच्या बाजूलाच बसायची पुढं. आजींनी कुणाचं आडनाव विचारलेलं मी ऐकलं नाही.

प्रभुभोजनाची, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची, सूचना दर वेळी स्पष्ट द्या. कोणी पुढं यावं, गुडघे टेकायचे की उभं राहायचं, प्याला कसा मिळेल, आणि जो घेणार नाही त्यानं जागेवर बसून प्रार्थना केली तरी चालेल, एवढं चार वाक्यांत होतं. आपली उत्तर भारतीय चर्चची मंडळी १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च-संघटना एकत्र येऊन झाली. त्यात लहान मुलांचा बाप्तिस्मा मानणारे होते आणि प्रौढांचाच मानणारेही होते. इतकी वेगळी माणसं एका ताटात घेणाऱ्या चर्चला नवख्याची पद्धत वेगळी दिसली तर धसका बसू नये. तसंच डोक्यावरच्या पदराचं. जीन्समध्ये आलेल्या मुलीच्या हातात ओढणी आणून देणारी मावशी प्रत्येक मंडळीत असते. तिला समितीतल्या बाईनंच आवरावं, पुरुषांनी त्यात पडू नये.

उपकारस्तुतीच्या दानाची, म्हणजे वाढदिवसासारख्या प्रसंगी देवाचे आभार म्हणून दिलेल्या पैशांची, यादी वाचताना रकमा वाचणं बंद करा. नुसती नावं पुरे. विड्या वळणाऱ्या बाईचे वीस रुपये आणि बँक मॅनेजरचे दोन हजार एका दमात वाचले की वीस रुपयेवाली पुढच्या वर्षी वाढदिवसच सांगत नाही.

भाषेचं सांगायला हवं, कारण हे सोलापूर आहे. इथं पूर्व भागात गल्लीच्या गल्ली तेलुगू बोलते, अक्कलकोटच्या बाजूनं कन्नड येतं, आणि एकाच घरात तीन भाषा चालतात. आपल्याकडे येणारं तेलुगू कुटुंब मराठी बोलतं छान, बाजारात घासाघीस करील इतकं छान, पण प्रार्थना आपल्या भाषेत करतं. त्यांना "मराठीत करा ना" म्हणू नका. शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा) वाचणाऱ्यानं पुस्तक, अध्याय आणि ओवी दोनदा, सावकाश सांगावी आणि क्षणभर थांबावं. तेलुगू आणि कन्नड बायबलातही अध्याय-ओव्या त्याच असतात, त्यामुळे त्यांना त्यांच्या पुस्तकात जागा सापडते. कधीतरी दुसरा शास्त्रपाठ तेलुगूतून त्यांच्याकडून वाचून घ्या. म्हाताऱ्यांना दोन मिनिटं कळणार नाही. चालेल. त्या कुटुंबाला दर रविवारी सव्वा तास तसंच होतं.

आता रविवार सोडून बोलू. खरं काम सोमवार ते शनिवार होतं. सोलापुरात नव्यानं आलेल्या माणसाची पहिली अडचण आध्यात्मिक नसते, पाण्याची असते. उजनीतून येणारं पाणी कित्येक भागांत काही दिवसांआड येतं, वेळ कधी रात्रीची कधी पहाटेची. नव्या भाडेकरूला ना दिवस ठाऊक, ना वेळ, ना पिंप किती घ्यायचं ते. त्याच भागातल्या सभासदानं "उद्या पहाटे पाणी येणार, पिंप धुऊन ठेवा" असा एक फोन केला तर तो दहा गुलाबांच्या बरोबरीचा आहे. पिंप, गॅसची शेगडी, शाळेचा दाखला, बऱ्यापैकी डॉक्टर, उन्हाळ्यात कुलर कुठं भाड्यानं मिळतो, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घरगुती कुठं मिळते, हे सगळं आपल्याला येतं. ते द्या. यासाठी मंडळीची यादी आडनावाप्रमाणे न ठेवता भागाप्रमाणे लावा: जुळे सोलापूर, विजापूर रोड, रेल्वे लाइन्स, होटगी रोड, पूर्व भाग. नवं कुटुंब आलं की त्या भागातल्या एका घराला सांगायचं, "हे तुमचे." एकाच घराला. "सगळ्यांनी बघा" म्हटलं की कुणीच बघत नाही.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात प्रेषित पौल करिंथला येतो तेव्हा एकटा असतो. त्याला जे घर मिळतं ते अक्विला आणि प्रिस्किल्ला यांचं, आणि ती दोघंही नवीनच, क्लौद्य बादशहानं यहुद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून आलेली. पौल त्यांच्याकडे राहतो तो का? धंदा एक, तंबू करण्याचा. मागाच्या गावाला हे फोडून सांगायला नको. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात दोन अनोळखी माणसं शेजारशेजारच्या मागांवर उभी राहिली की आठवड्यात एकमेकांचा डबा खातात. माणूस माणसाशी समोरासमोर बसून जवळ येत नाही, बरोबर काम करताना येतो. त्यामुळे नव्यांना लवकर काम द्या. कापणीच्या सणाला भाजीपाल्याची मांडणी, गायनात एक आवाज, लाउडस्पीकरची वायर, फळ्यावरचे आकडे लावणं. "तुम्ही पाहुणे, तुम्ही बसा" हे वाक्य दुसऱ्या महिन्यात ऐकू येता कामा नये.

एका कामाला मात्र घाई नको. शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गात, मुलं ओळख नसलेल्याच्या हाती देऊ नका, तो कितीही चांगला गाणारा असो. आधीच्या मंडळीतल्या पाळकांना फोन करा, काही महिने जाऊ द्या, आणि तरीही वर्गात दोन मोठी माणसं असू द्यात, जुन्या शिक्षकांनाही हाच नियम. यात कुणाचा अपमान नाही. नियम सगळ्यांना एकच असला की नव्याला तो बोचत नाही.

नाताळची कॅरल फेरी, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणणं, हा तुमचा सगळ्यात मोठा मोका आहे आणि सगळ्यात मोठी चूकही तिथंच होते. फेरीचा मार्ग जुन्या सभासदांच्या यादीवरून ठरतो. नवं कुटुंब दिवे लावून, केक-करंज्या काढून रात्री एकपर्यंत वाट बघतं आणि ढोलकीचा आवाज मागच्या गल्लीतून निघून जातो. त्या रात्रीनंतर ते कुटुंब आलं नाही तर नवल नाही. यंदा फेरी नव्यांच्या घरापासून सुरू करा. घरमालकाला आधी विचारा, दहाच्या आत उरका, होस्टेल असेल तर फाटकाबाहेर एक गाणं म्हणून या.

आणि दुःखाचा प्रसंग. आपल्याकडे मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, भाकरी नातेवाइकांकडून येते. ज्याचे नातेवाईक गुलबर्ग्याच्या पलीकडे आहेत त्यानं काय करायचं? रेल्वेतल्या एका कुटुंबाची म्हातारी आई इथं वारली. त्यांना कबरस्तानाची परवानगी कुठं मिळते, पेटी कोण करतो, दाखला कुठून काढायचा, काहीच ठाऊक नव्हतं. समितीतल्या दोघांनी ती धावपळ केली. महिला संघानं डब्यांची पाळी लावली, दुपारी एका घराची पिठलं-भाकरी, रात्री दुसऱ्या घराची आमटी-भात, आणि पाळीत मुद्दाम होस्टेलच्या दोन मुलींनाही घेतलं, त्यांनी नुसता चहा-साखर आणली. ते कुटुंब पुढं बदली होईपर्यंत मंडळीत होतं, आणि त्या दोन मुलीही. कबरस्तानाची माहिती, पेटी करणाऱ्याचा आणि गाडीवाल्याचा नंबर असा एक कागद तयार करून प्रत्येक भागातल्या एका घराकडे ठेवा. वेळ सांगून येत नाही.

तुम्ही विचाराल, एवढं करून किती टिकतील? सगळे नाही टिकणार. कुणी कॅथलिक असतात, त्यांना मिस्सा, म्हणजे त्यांच्या पद्धतीची उपासना, हवी असते. कुणाला टाळ्या-वाद्यांची स्तुती हवी असते, आपली संथ चाल त्यांना झोप आणते. कुणाला तेलुगू मंडळीच हवी असते. अशांना धरून ठेवू नका, पत्ता सांगा, पहिल्या रविवारी कुणीतरी सोबत जाऊन पोहोचवून या. दोन रविवार कुणी दिसलं नाही तर एक फोन करा, पण "का आला नाहीत?" असं नको. "बरं आहे ना घरी?" एवढंच. ड्युटी बदललेली असते, पोर तापानं फणफणलेलं असतं. फोन भागातल्या त्या एका घरानं करायचा, समितीनं नव्हे. समितीचा फोन आला की लोकांना वाटतं वर्गणी मागतायत.

आणि कुणी दुसऱ्या मंडळीत रमलं, सभासदत्वाचं पत्र मागायला आलं, तर ते त्याच आठवड्यात द्या. वर्गणी थकली म्हणून पत्र अडवून ठेवायची जी खोड आहे ती तुमच्या समितीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ठराव करून बंद करून टाका.